नोंदणी पूर्ण झाली, तरी तांडा वर्गात का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निरक्षर प्रौढांना शिकवण्याच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे एका केंद्राचे काम तुमच्याकडे आले आहे, नोंदणीचे उद्दिष्ट कागदोपत्री पूर्ण झाले आहे, स्वयंसेवकही मिळाले आहेत. परंतु तांड्यावरच्या आणि गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायका वर्गाकडे फिरकत नाहीत. वर्ग सर्वांसाठी खुला आणि पैसा शासनाचा असताना ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर का राहतात, असे तुम्ही विचारता. ‘त्यांनाच शिकायचे नाही, आपण काय करणार?’ असे सहकारी म्हणतात, हेही तुम्ही लिहिले आहे.

मी १९९०च्या दशकात संपूर्ण साक्षरता अभियानात स्वयंसेविका म्हणून या कामात आले आणि पुढे बहुतेक काळ मराठवाड्यातच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देत राहिले. ‘त्यांना शिकायचे नाही’ हे वाक्य मी प्रत्येक अभियानात ऐकले आहे, आणि ते जिथे जिथे ऐकले तिथे चौकशी केल्यावर असे आढळले की त्या वस्तीवर जाऊन कोणी नीट विचारलेच नव्हते. ‘शिकायचे आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या वेळी, कोणाच्या दारात, कोणाच्या देखत आणि कोणत्या बोलीत शिकायचे, हे विचारावे लागते. तुमचा खरा प्रश्न इच्छेचा नसून हा वर्ग कोणाचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून आखला गेला, हा आहे.

आधी कार्यक्रमाची रचना पाहू, कारण अडचणीचे मूळ तिथे आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या या योजनेचा एकूण खर्च १०३७.९० कोटी रुपये आहे. त्यातील ७०० कोटी केंद्राचे आणि ३३७.९० कोटी राज्यांचे. पंधरा वर्षांवरील पाच कोटी निरक्षरांना साक्षर करणे हे उद्दिष्ट आहे. भागाकार केला तर माणशी सुमारे २०८ रुपये पडतात, तेही पाच वर्षांसाठी. एवढ्या पैशात पगारी शिक्षक येऊ शकत नाही, म्हणून सगळा भार विनामोबदला शिकवणाऱ्या स्वयंसेवकावर आहे. याचा परिणाम असा होतो की ज्या आळीत निवृत्त गुरुजी आहेत, डी.एड. झालेली आणि घरीच असलेली मुलगी आहे, कॉलेजला जाणारा मुलगा आहे, तिथे वर्ग उभा राहतो. ज्या तांड्यावर दहावी झालेले माणूसच नाही, किंवा होते ते पुण्याला कामाला गेले, तिथे वर्ग उभा राहत नाही. कोणीही कोणाला मुद्दाम वगळलेले नसते, तरीही पिढ्यान्‌पिढ्या जे वगळले गेले तेच पुन्हा वगळले जातात.

दुसरी गोष्ट उद्दिष्टाची. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तिन्ही भागांना पन्नास-पन्नास गुण असतात आणि प्रत्येक भागात ३३ टक्के गुण लागतात. आता एखाद्या शिक्षकाला दहा नावे द्यायची आहेत. गावात चौथीत शाळा सुटलेली एक बाई आहे, जी अक्षर जुळवून बसची पाटी वाचते. आणि दुसरी आहे, जिने हातात कधी पेन्सिलच धरलेली नाही. अहवालात दोघींचा आकडा एकच. पहिलीला महिनाभराचा सराव पुरतो, दुसरीला त्याच्या चौपट वेळ द्यावा लागतो. माणूस पहिलीचे नाव आधी लिहितो. यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही, पण अशी दहा गावे एकत्र केली की उत्तीर्णांची टक्केवारी उत्तम दिसते आणि दुसरी बाई मात्र यादीतच नसते. म्हणून वरून आलेल्या टक्केवारीवर समाधान मानू नका.

त्याऐवजी एक साधा कागद करा. समजा, गावात सर्वेक्षणाप्रमाणे १४० निरक्षर आहेत आणि ६० जणांची नोंदणी झाली आहे. आकडा बरा वाटतो. आता तोच आकडा वस्तीनिहाय मांडा: गावठाणात ७० पैकी ५०, तांड्यावर ४० पैकी ४ आणि मातंग वस्तीत ३० पैकी ६. कागदासमोर दोन मिनिटे बसले की कुठे जायचे हे कळते. यातच स्त्री-पुरुष, चाळिशीच्या वरचे आणि हंगामाला बाहेर जाणारे असे रकाने ठेवा. मुळात १४० हा आकडाही तपासून पाहावा लागतो. सर्वेक्षण दिवसा झाले असेल, तर मजुरीला गेलेली घरे कुलूपबंद मिळालेली असतात आणि ‘निरंक’ म्हणून नोंदली जातात. शिवाय २०२३ मध्ये आपल्याकडे शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला होता. अशैक्षणिक कामांचा भार हे त्यांचे कारण रास्त होते, पण त्या ओढाताणीत अनेक याद्या घाईने तयार झाल्या. तुमची यादी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, वस्तीवरच्याच एखाद्या बाईला बरोबर घेऊन पुन्हा करा. कार्यक्रमाच्या ॲपवरची नोंद नंतर होईल, आधी वहीत लिहा.

आता जागेविषयी लिहिते, कारण हा धडा मी स्वतः चूक करून शिकले आहे. एका गावात आम्ही मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात वर्ग लावला होता. फरशी होती, दिवा होता, जागा गावाच्या मध्यावर होती; याहून चांगली जागा कोणती, असे मला वाटले. गावठाणातल्या पंधरा-सोळा बायका नियमित येत. मातंग वस्तीतली एकही येत नसे, आणि मी प्रत्येक बैठकीत त्यांच्या ‘उदासीनतेचा’ उल्लेख करीत असे. दोन महिन्यांनी मी वस्तीवर गेले, तेव्हा एका म्हातारीने मला उलट विचारले, ‘बाई, तिथं आमी चपला कुठं काढायच्या?’ मला आधी प्रश्न समजलाच नाही. मग उलगडले की पारासमोरून जाताना चपला हातात घेऊन चालायची सवय तिच्या पायांना लागलेली होती. ज्या मंडपाच्या पायरीवर ती आयुष्यात कधी चढली नव्हती, तिथे पाटी घेऊन बसायला मी तिला सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही वस्तीतल्याच एका ओसरीवर दुसरा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. ती म्हातारी दारातच बसली आणि तीन दिवसांनी आत सरकली.

यावर कोणी म्हणेल की वेगळा वर्ग म्हणजे विषमतेला मान्यता देणे. हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो टाळत नाही. माझा अनुभव असा की सुरुवात त्यांच्या दारात करावी, आणि अक्षरओळख होऊन भीड चेपली की शाळेत, सर्वांसाठीच्या जागी, दोन्ही गट एकत्र आणावेत. किती दिवसांनी, हे गावावर अवलंबून आहे. काही गावांत तीन आठवडे पुरले. एका गावात शेवटपर्यंत जमले नाही, आणि तिथे मी ओसरीवरचा वर्ग बंद केला नाही.

वेळेचे तेच. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रशाळा काढली, तेव्हा शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो हे पाहून शाळेची वेळ ठरली होती. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात २०१६ साली महिला दिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकून असाल. तिथल्या गुलाबी साड्यांचीच चर्चा जास्त झाली, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ती शाळा दुपारी दोन ते चार भरत असे, कारण आज्यांना घरकामातून तीच वेळ मोकळी मिळत होती. तुमच्या तांड्यावरच्या तिशीतल्या बाईला मात्र दुपारचा काहीच उपयोग नाही. ती तेव्हा कापूस वेचत असते. तिला रात्री साडेआठनंतरच वेळ मिळतो आणि तोही पाऊण तासाचा. तेव्हा संपूर्ण केंद्राला एकच वेळ लावू नका. पाऊण तासाचे पाच दिवस हे दोन तासांच्या दोन दिवसांपेक्षा जास्त टिकतात, हे मी बऱ्याच वर्गांत पाहिले आहे.

तुमच्या भागात सर्वांत मोठा अडथळा ऊसतोडीचा असणार. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. आपले वर्गांचे वेळापत्रक मात्र शाळेच्या वर्षाला बांधलेले असते आणि चाचणी मार्चमध्ये येते. राज्यात ती १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ या रविवारी झाली. म्हणजे ज्या दिवशी तांड्यावरच्या बाईने पेपर लिहायचा, त्या दिवशी ती शंभर-दोनशे किलोमीटरवर फडात मोळ्या बांधत असते. चाचणी दिवसभरात सोयीच्या वेळी येऊन देता येते ही चांगली सोय आहे, पण ती गावात असणाऱ्यांसाठी. अशा ठिकाणी वर्ग गुढीपाडव्यानंतर सुरू करून दसऱ्याच्या आत संपवावा लागतो. मध्ये पेरणीचे दोन-तीन आठवडे सुट्टी द्यावी. चाचणीबाबत तुम्ही एकट्या काही करू शकणार नाही, म्हणून वरिष्ठ कार्यालयाला लेखी कळवा की अमुक इतके नोंदणीकृत असाक्षर मार्चमध्ये अमुक कारखान्यांच्या परिसरात असतील आणि त्यांची चाचणी तिथल्या जवळच्या शाळेत घ्यावी किंवा ते गावी परतल्यावर वेगळी घ्यावी. तोंडी सांगितलेले विरून जाते. नावांची यादी जोडलेल्या पत्राला उत्तर द्यावे लागते.

बोलीचा मुद्दा तांड्यावर लगेच जाणवेल. बायका आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात आणि प्रवेशिका (अक्षरओळखीचे पुस्तक) प्रमाण मराठीत असते. अक्षर एकच असले तरी चित्राखालचा शब्द तिच्या घरातला नसतो, आणि मग ती अक्षर ओळखते की चित्र पाठ करते हे शिकवणाऱ्याला कळत नाही. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यांवर, मेळघाटातल्या कोरकू गावांत, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी बोलणाऱ्यांत ही अडचण याहून कितीतरी मोठी आहे. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर असताना नंदुरबारची ६४.३८ टक्के होती, आणि त्याच्या अनेक कारणांत हे एक ठळक कारण आहे. तुमच्यापुरता मार्ग सोपा आहे. पहिले दहा-बारा दिवस पुस्तक उघडूच नका. तिचे नाव, नवऱ्याचे, मुलांचे आणि तांड्याच्या नायकाचे नाव, तिच्या बोलीतले रोजचे शब्द, हे देवनागरीत लिहून त्यातून अक्षरे काढा. शिकवणारी तांड्यावरचीच असावी. पदवीधर मिळत नसेल तर नववीतली मुलगी घ्या आणि आठवड्यातून एकदा तुम्ही तिच्याबरोबर बसा. बाहेरच्या पदवीधरापेक्षा ती मुलगी मला नेहमी उजवी वाटली आहे, कारण आईच्या वयाच्या बाईला कुठे अडते हे तिला न सांगता कळते.

आता डोळ्यांबद्दल, कारण ही गोष्ट प्रशिक्षणात कोणी सांगत नाही. एका वर्गात पन्नाशीच्या पुढची एक बाई होती. फळ्यावरचे ‘कमळ’ ती बिनचूक वाचायची, पण तोच शब्द पुस्तकात दाखवला की गप्प बसायची. स्वयंसेवकाने माझ्याजवळ तक्रार केली की यांच्या लक्षात राहत नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा दिसले की ती पुस्तक हळूहळू लांब धरत होती, हात पुरेना तेव्हा ते तिने जमिनीवर ठेवले आणि स्वतः मागे सरकली. मी माझा चष्मा काढून तिला दिला. तिने पान पाहिले, मग स्वतःचा तळहात जवळ घेऊन पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, ‘एवढ्या रेघा हायेत व्हय?’ चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते हे आपल्याला माहीत असते. ज्या बाईने कधी वाचलेच नाही, तिला ते कळण्याचे कारणच नसते. चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाची नोंदणीच्या आठवड्यातच नेत्रतपासणी करून घ्या. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वृद्धांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयाकडे यादी पाठवता येते. याला उशीर लागत असेल तर गावात वर्गणी काढा. साधा जवळचा चष्मा फार महाग नसतो, आणि तो मिळेपर्यंत फळ्यावर मोठ्या अक्षरांत शिकवा.

याच्याशीच वयाचा प्रश्न जोडलेला आहे. या कार्यक्रमात १५ ते ३५ वयोगटाला आधी पूर्ण करावे असा प्राधान्यक्रम आहे, आणि कमावत्या वयाचा विचार करता तो मला समजतो. पण प्राधान्य याचा अर्थ मोठ्या वयाच्यांना नकार, असा कोणी लावू नये. निराधार योजनेचे पैसे काढताना बँकेत अंगठा उठवणारी आणि किती रुपये निघाले हे दुसऱ्याला विचारणारी बहुधा साठीची असते. अपंग व्यक्तींबाबत तर कायदाच स्पष्ट आहे: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १८ नुसार प्रौढ शिक्षणात त्यांचा इतरांच्या बरोबरीने सहभाग राहील हे पाहणे शासन आणि स्थानिक प्राधिकरण यांचे कर्तव्य आहे. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वयाशी थांबतो, त्यामुळे सर्वसाधारण प्रौढाला वर्ग मागण्याचा तसा हक्क नाही; म्हणून जिथे हे कलम लागू पडते तिथे पत्रात त्याचा आवर्जून उल्लेख करा.

घरच्यांच्या परवानगीबद्दल थोडेच लिहिते. सुनेला पाठवा असे सांगण्याआधी सासूला बोलवा. दोघी एकत्र आल्या तर दोघी टिकतात. लहान मुले बरोबर येणारच, त्यांच्यासाठी कोपऱ्यात पाटी-खडू ठेवा आणि एखाद्या मोठ्या मुलीला त्यांच्याकडे पाहायला सांगा. वर्गाचे फोटो काढून गटावर टाकण्याची घाई करू नका. आपण निरक्षर आहोत हे व्याह्यांना कळू नये, एवढ्याचसाठी वर्ग सोडलेल्या बायका मला माहीत आहेत. आणि ‘वर्गाला आला नाहीत तर रेशन बंद होईल’, ‘लाभ मिळणार नाही’ असल्या धमक्या कोणी देत असेल तर त्या तिथल्या तिथे थांबवा. असे आणलेले माणूस चाचणीपुरते येते आणि कायमचे दुरावते.

पैशाचा प्रश्न राहतो. कार्यक्रमाच्या निधीतून तांड्यावरच्या मुलीला मानधन देता येणार नाही, पण ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च राखून ठेवावा लागतो. यातून वर्गाचा दिवा, सतरंजी, चष्मे, वह्या यांची सोय होऊ शकते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) बोलून पाहा आणि ग्रामसभेत ठराव मांडा. लहान ग्रामपंचायतीचे उत्पन्नच नगण्य असते, तिथे हा मार्ग फार दूर नेणार नाही. तिथे उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांकडे वळा. गटाच्या बैठकीला बाई येतेच, तिला निराळी परवानगी लागत नाही, आणि गटाचे हिशेबाचे रजिस्टर हे तिच्या दृष्टीने कोणत्याही प्रवेशिकेपेक्षा जास्त गरजेचे पुस्तक असते.

शेवटचा मुद्दा चाचणीनंतरचा. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर गेली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले, आणि पाठपुरावा न झाल्याने शिकलेले पुष्कळ लोक पुन्हा अक्षरे विसरले. नंतरच्या साक्षर भारत अभियानात ग्रामपंचायतीला दोन प्रेरक (केंद्र चालवणारे कार्यकर्ते) आणि लोकशिक्षण केंद्र होते. ३१ मार्च २०१८ ला अभियान संपले आणि त्या केंद्रांची कपाटे कुलूपबंद झाली. विसरण्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. गावठाणातल्या बाईच्या घरी वर्तमानपत्र असते, मुलांची पुस्तके असतात, दुकानाच्या पाट्या असतात. तांड्यावर वाचण्यासारखे काहीच नसते. म्हणून प्रमाणपत्र मिळाल्यावर निदान वर्षभर तरी आठवड्यातून एक बैठक चालू ठेवा आणि ती सर्वांत आधी तांड्यावर ठेवा. शाळेच्या वाचनालयातली मोठ्या टाइपाची पुस्तके तिथे फिरती ठेवता येतात. टोळीबरोबर जाणाऱ्या बाईच्या पिशवीत एक वही द्या, तिच्यात रोज किती मोळ्या झाल्या आणि उचलीतून किती फिटले हे तिने स्वतः लिहावे. मी अशी वही मुकादमाच्या हिशेबासमोर ठेवलेली एकदा पाहिली आहे; फरक बाराशे रुपयांचा निघाला होता आणि तो मुकादमाने मान्य केला.

तुमच्या भागातल्या टोळ्या पाडव्याच्या मागेपुढे परततील. त्याआधी वस्तीनिहाय यादी, शिकवणारी एक मुलगी आणि तांड्यातली एक ओसरी एवढे ठरवून ठेवा. टोळी आल्यावर पहिले आठ दिवस कोणालाही वर्गाचे सांगू नका. घरे शाकारायची असतात, उचलीचे हिशेब व्हायचे असतात. नवव्या दिवशी रात्री जाऊन बसा आणि किती वाजता जमेल हे त्यांनाच ठरवू द्या.